गावातला धंदा आणि हातातला फोन : विदर्भातील आपले अनुभव सांगा

हिंगणघाट तालुक्यात माझा लाकडी घाणा आहे. जवस, तीळ आणि शेंगदाणा यांचे तेल मी काढून देतो. तीन वर्षांपूर्वी व्हॉट्सॲप बिझनेस, फेसबुकचे पान आणि इन्स्टाग्राम असे सारे एकदमच सुरू केले, तेव्हा व्हिडिओ टाकला की गिऱ्हाईक येते अशी माझी साधी समजूत होती. जवसाच्या घाण्याचे एक रील चाळीस हजारांवर लोकांनी पाहिले आणि त्या महिन्यात तेल मात्र नेहमीएवढेच खपले, कारण पाहणारे बहुतेक राजस्थान आणि दिल्लीकडचे होते व एक लिटर तेलासाठी तेवढा पार्सलखर्च कोणी सोसणार नव्हते. त्यानंतर एका शनिवारी गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात “उद्या सकाळी जवस काढणार आहे, डबे घेऊन या” एवढीच ओळ लिहिली, तर दुपारपर्यंत नऊ डबे भरून गेले.

तेव्हापासून मला लाइकच्या आकड्यांपेक्षा एका गोष्टीचे कुतूहल आहे. फोनवरून आलेली विचारणा विक्रीपर्यंत पोचली ती कशामुळे, आणि जी पोचली नाही ती नेमकी कोठे अडली? आपला तालुका आणि व्यवसाय सांगून लिहावे. फसलेले प्रयोग अवश्य लिहावेत. “सातत्य ठेवा, यश मिळेल” असे प्रतिसाद कृपया टाळावेत. ते सगळीकडे वाचायला मिळतात.

समुद्रपूर तालुका, हळद

आमच्याकडे वायगाव हळद होते, जिला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागाच्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख, जीआय) मिळालेले आहे. घरच्या हळदीची पूड करून मी व्हॉट्सॲपवरून विकते. सुरुवातीला २५६ जणांची ब्रॉडकास्ट यादी (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) केली, कारण एका यादीत तेवढीच माणसे बसतात. दर महिन्याला मी भाव आणि फोटो पाठवायची आणि जेमतेम पंधरा-वीस जणांचे उत्तर यायचे. लोकांना रस नाही असे मानून मी भाव उतरवण्याच्या विचारात होते. पुढे एका नातेवाइकाच्या लग्नात दोन जुन्या गिऱ्हाइकांनी “ताई, यंदा हळद नाही का काढली?” असे विचारले, तेव्हा उलगडा झाला. समोरच्याने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये जतन केलेला नसेल, तर ब्रॉडकास्टचा निरोप त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे ज्यांनी माझ्याकडून एकदाच हळद घेतली होती आणि ज्यांना मी पुन्हा आठवण द्यायला हवी होती, नेमके तेच बाहेर राहिले होते.

आता प्रत्येक पाकिटासोबत एक चिठ्ठी देते, “हा नंबर ‘वायगाव हळद’ या नावाने जतन करा.” नाव त्यांनी काय ठेवायचे हेही आपणच सांगावे, नाहीतर वर्षभराने त्यांना नंबर सापडत नाही. एवढ्या एका चिठ्ठीने जे झाले ते दोन वर्षांच्या फोटोंनी झाले नव्हते.

आणखी एक सांगायला हवे. पानावर मानांकनाचे बोधचिन्ह लावले, तेव्हा एका जाणकाराने आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे का असे विचारले. केली नव्हती. मानांकन गावाच्या पिकाला मिळाले तरी ते चिन्ह वापरण्यासाठी उत्पादकाला स्वतंत्र नोंदणी करावी लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. चिन्ह काढले आणि अर्ज केला.

सिंदी रेल्वे, लाकडी नंदी

आमचा सुतारकामाचा धंदा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, मुले लाकडी नंदी घेऊन निघतात आणि आमच्या गावचा तान्हा पोळा त्यासाठी लांबवर ओळखला जातो. वर्षभराची खरी कमाई श्रावणातल्या तीन-चार आठवड्यांत होते, त्यामुळे आमचा अनुभव इतरांहून वेगळा असेल.

पहिल्या वर्षी मी पोळा दहा दिवसांवर असताना फोटो टाकले. मागण्या आल्या त्या हातून पुऱ्या होण्यासारख्या नव्हत्या. सागाच्या लाकडाचा दीड फुटी नंदी घाईत केला तर पुढे तडकतो. नागपूरच्या चार कुटुंबांना नाही म्हणावे लागले आणि त्यांपैकी एकाने पानावर येऊन जे लिहिले ते अजून बोचते. दुसऱ्या वर्षापासून मी उलटे केले. फोटो संक्रांतीपासून टाकतो, तेही तयार नंदीचे नाही, तर लाकूड चिरताना, पाय बसवताना, शिंगांना रंग देताना असे. निम्मी रक्कम आगाऊ घेऊन अक्षय्य तृतीयेपर्यंत नोंदणी बंद करतो. नोंदणी बंद झाल्याचे लिहिले की त्या आठवड्यात सर्वांत जास्त फोन येतात, ही एक गंमतच आहे.

फोटोत नंदीशेजारी नेहमी एखादे मूल उभे करतो. पूर्वी उंची इंचांत लिहायचो, तरी घरी नेल्यावर “हा तर लहान वाटतो” अशी तक्रार हमखास यायची. पाच वर्षांचे पोर शेजारी दिसले की उंचीबद्दल कोणी काही विचारत नाही.

दारव्हा तालुका, पिठाची गिरणी

माझा अनुभव चार ओळींचा आहे. गुगल मॅपवर गिरणीची नोंद केली, वेळ लिहिली, बोर्डाचा फोटो लावला. शेजारच्या तीन गावांतले लोक आता वीज आहे का हे फोन करून विचारतात आणि मगच दळण घेऊन निघतात. इन्स्टाग्राम भाच्याने काढून दिले होते. त्यावर काय टाकावे ते मला अजून कळलेले नाही.

वरुड, संत्री

आमचा सहा एकरांचा बगीचा आहे. पूर्वी आंबिया बहराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या हंगामाचा, बगीचा फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला गुत्त्याने (एकरकमी ठरवून) द्यायचो. एका वर्षी भाव फारच पडला म्हणून थेट विकायचे ठरवले आणि पुणे व ठाणे या दोन शहरांपुरती फेसबुकवर जाहिरात दिली. खर्च सहा हजार रुपये झाला आणि वर जीएसटी निराळा. चार दिवसांत दोनशेच्या वर विचारणा आल्या, म्हणजे जाहिरात चालली असेच कोणीही म्हणेल.

अडचण पुढे आली. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने सोलायला म्हणूनच ते सोपे, पण त्याच कारणाने प्रवासात ते दबते आणि डाग पडतो. पहिल्या चाळीस पेट्या आम्ही ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पाठवल्या. अकरा पेट्यांच्या तळाची फळे चेचलेली निघाली. त्याहून मोठी तक्रार रंगाची होती. आंबिया बहराचे सुरुवातीचे फळ आतून गोड झालेले असले तरी वरून हिरवट-पिवळे दिसते, रात्रीची थंडी वाढल्याशिवाय रंग धरत नाही. शहरातल्या माणसाने बाजारात पंजाबकडचा चकचकीत किन्नू पाहिलेला असतो आणि त्यालाच तो संत्रे समजतो. “कच्चा माल पाठवला” म्हणून नऊ जणांनी पैसे परत मागितले. आम्ही दिले. जाहिरात, भाडे आणि परतावा वजा जाता त्या वर्षी व्यापाऱ्याने देऊ केलेल्या भावाहून किलोमागे दीड रुपया जास्त पडला, आणि घरातली चार माणसे तीन आठवडे फोनला बांधलेली होती ती मजुरी मी यात धरलेली नाही.

दुसऱ्या वर्षी जाहिरात दिली नाही. पैसे परत घेतलेल्या त्या नऊ जणांना एक व्हिडिओ पाठवला. त्यात हिरवट संत्रे झाडावरून काढून तिथेच सोलले, आणि शेजारी किन्नू ठेवून दोन्हींच्या सालीतला फरक दाखवला. नवांपैकी सहा जणांनी पुन्हा मागवले आणि त्यांच्याच सोसायट्यांमधून उरलेल्या ऑर्डरी आल्या. पेटी दहा किलोंऐवजी पाच किलोंची केली, कारण थर कमी तर दाब कमी. तरीही सगळा बगीचा असा विकणे शक्य नाही. चौथा हिस्सा थेट जातो, बाकी व्यापाऱ्यालाच देतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

पांढरकवडा, महिला बचत गट

आम्ही दहा जणी कुरडया, सरगुंडे, मूगवड्या आणि पापड करतो. व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये भावासह फोटो ठेवले आहेत. मागण्या फेब्रुवारीत घेतो आणि माल एप्रिल-मेच्या उन्हात वाळवतो.

एका वर्षी लष्करात अधिकारी असल्याचे सांगून एकाने छावणीसाठी ऐंशी किलो पापडांची मागणी केली. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवले. आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी म्हणून त्याने क्यूआर कोड धाडला आणि “स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील” असे सांगितले. आमच्या कोषाध्यक्ष काकूंनी पिन टाकला आणि गटाच्या खात्यातून साडेसात हजार रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठी असतो, हे आता आमच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे, आणि त्याखाली १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक. आम्ही तक्रार तिसऱ्या दिवशी केली, तोवर रक्कम पुढे गेली होती. काकू दोन महिने गटात आल्या नाहीत. त्यांना परत आणणे हे पैसे परत मिळवण्याहून कठीण गेले.

आणि एक छोटी गोष्ट. पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक छापल्यापासून नागपूरचे दुकानदार आमच्याशी बोलू लागले. आम्ही नोंदणी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी शुल्क वर्षाला १०० रुपये होते.

मोहाडी तालुका, कोशाचे (टसर रेशमाचे) विणकाम

करवतकाठी साडीच्या काठाची नक्षी करवतीच्या दातांसारखी असते आणि ती तीन धोट्यांनी (मागावर आडवा धागा नेणारे साधन) विणतात, म्हणून एका साडीला आठवडे जातात. फोटोत मात्र यंत्रमागावरची नक्कल आणि आमची साडी सारखीच दिसते, शिवाय नकलेचा भाव आमच्या पाव हिश्शाचा. इन्स्टाग्रामवर आमच्याच साडीचे फोटो उचलून दुसऱ्यांनी नकली माल विकल्याचेही पाहिले.

आता मी साडीचे फोटो कमी आणि मागाचे व्हिडिओ जास्त टाकतो. गिऱ्हाईक गंभीर असेल तर व्हिडिओ कॉलवर त्याच्यासमोर त्याच साडीचा एक धागा जाळून दाखवतो. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. वास फोनमधून जात नाही हे खरे, पण राख दिसते. वर्षाला वीसेक साड्या अशा जातात. त्याहून जास्त मागणी आली तरी विणणारे हात नाहीत.

धागाकर्ता (ही चर्चा सुरू करणारा), हिंगणघाट

वरुडच्या भाऊंना एक विचारायचे आहे. पुण्याहून तेलाच्या पाच मागण्या आल्या होत्या, पण प्रवासात बाटली फुटेल या भीतीने मी त्या नाकारल्या. ट्रॅव्हल्सच्या गाडीने तेल पाठवता येईल का?

वरुड, संत्री

बाटली नकोच. पत्र्याचा डबा घ्यावा आणि भरताना वर दोन बोटे जागा सोडावी, कारण गाडीच्या पोटात तापले की तेल फुगते आणि काठोकाठ भरलेला डबा झाकणातून पाझरतो. पावतीवर गिऱ्हाइकाचा नंबर आपल्या नंबराच्या वर लिहावा. आमच्या तीन पेट्या केवळ उतरवून घेणाऱ्याला फोन गेला नाही म्हणून स्वारगेटला दोन दिवस पडून होत्या.