रफ टेरेन फोर्कलिफ्ट की टेलिहँडलर? बांधकामावर एकच यंत्र ठेवायचे असेल तर

धागाकर्ता:
दोन मजली इमारतीच्या कामासाठी एकच यंत्र भाड्याने घ्यायचे आहे. आवार कच्चे आहे, पहिला स्लॅब साडेतीन मीटरवर आणि दुसरा सात मीटरवर येतो, विटांचे एक पॅलेट सुमारे १२०० किलो भरते. सहकारी टेलिहँडलरचा, म्हणजे पुढे लांबवता येणारा तिरका बूम (हात) असलेल्या यंत्राचा आग्रह धरतात. माझा कौल मात्र रफ टेरेन फोर्कलिफ्टला, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टला आहे. दिवसभरातल्या बहुतेक फेऱ्या ट्रकपासून साठ्यापर्यंत आणि साठ्यापासून मिक्सरपर्यंत, म्हणजे जमिनीवरच्याच असतात. त्यांच्यासाठी बूमचे लोढणे गळ्यात कशाला बांधून घ्यायचे? शिवाय फोर्कलिफ्टच्या मास्टवर (समोरच्या उभ्या खांबावर) भार सरळ वर चढतो, चाकांपासून पुढे सरकत नाही, त्यामुळे ऑपरेटरला अंदाज बांधणे सोपे जाते.

प्रतिसाद १:
फेऱ्या मोजून यंत्र निवडणे मला पटत नाही. काम अडते कुठे, ते पाहावे. मास्ट सहा मीटरच्या आसपास थांबणारा असेल, आणि या वर्गात तसे पुष्कळ असतात, तर आपला दुसरा स्लॅब हाताबाहेरच राहिला. पण उंचीपेक्षाही मोठी अडचण इमारतीच्या कडेला आहे. तिथे चर उघडा असतो, नाहीतर परांची उभी असते, आणि फोर्कलिफ्टला फोर्क स्लॅबवर पोहोचेपर्यंत चाके पुढे न्यावीच लागतात. टेलिहँडलर मात्र मागेच घट्ट जमिनीवर उभा राहून पॅलेट आत ठेवतो. अरुंद आवारात तो चारही चाकांवर वळतो, प्रसंगी खेकड्यासारखा तिरकाही सरकतो. फोर्क काढून बादली लावली की मातीही उचलतो.

प्रतिसाद २:
पुढे झेपावण्याची किंमत आपण सांगितली नाही. पाटीवर ३.५ टन लिहिलेले असले, तरी तो आकडा बूम आखडलेला असतानाचा. पूर्ण पुढे गेल्यावर तेच यंत्र टनभर, कित्येकदा त्याहूनही कमी पेलते. एका पावसाळी सकाळी मी हे समोर पाहिले आहे. विटा रात्रभर भिजल्या होत्या, म्हणजे पॅलेटचे वजन कागदावरच्यापेक्षा जास्त होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. बूम निम्म्यावर जाताच भोंगा वाजू लागला आणि यंत्राने पुढे जाण्यास नकार दिला. शेवटी पॅलेट खाली आणून निम्म्या विटा हातांनी उतरवाव्या लागल्या. शिवाय बूम केबिनच्या उजवीकडे असल्याने त्या बाजूचे फारसे काही दिसत नाही, आणि माणसे नेमकी तिथूनच ये-जा करतात.

प्रतिसाद १:
भोंगा वाजला आणि यंत्र थांबले, हा दोष कसा? त्याने आपले काम केले. मास्ट सरळ वर जातो, हे विधानही सपाट जमिनीपुरतेच खरे आहे. यंत्र बाजूला दोन अंशांनी कलले असेल, तर पाच मीटर उंचीवरचा भार सुमारे १७ सेंटीमीटर बाजूला गेलेला असतो. अनेक टेलिहँडलरमध्ये भार उचलण्यापूर्वीच सांगाडा समतल करून घेता येतो. भार वर गेल्यावर तसे करणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

प्रतिसाद ३:
उंचीवर भार ठेवल्यानंतर फोर्क बाहेर काढणे, ही वेगळीच कसरत आहे. फोर्कलिफ्ट सरळ मागे घेता येते. टेलिहँडलरचा बूम तिरका असल्याने तो आखडताना फोर्क खालीही उतरू लागतात. तेवढ्याच मापाने बूम उचलत राहावा लागतो. नवशिक्याच्या हातून पॅलेट हमखास ओढले जाते. म्हणून सराईत ऑपरेटर मिळणार नसेल, तर मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

धागाकर्ता:
आज टेप लावून पाहिला. भिंतीपासून घट्ट जमीन ३.८ मीटरवर सुरू होते, त्यामुळे कडेच्या कामापुरता माझा हट्ट सोडतो. विटा वर चढवायच्या असतील तेवढे आठवडे टेलिहँडलर आणि बाकी काळ फोर्कलिफ्ट, असा विचार आहे. मात्र सात मीटर उंचीवर आणि त्या ३.८ मीटरच्या झेपेवर १२०० किलो पेलल्याचे लोड चार्टवर (कुठल्या उंचीवर व झेपेवर यंत्र किती वजन पेलते, त्या तक्त्यावर) दिसल्याशिवाय भाडेपट्टीवर सही करणार नाही.