तीन वर्षं उगाच नाहीत
"पेडियाट्रिक्स (बालरोगशास्त्र) झालं की टीनएजर बघता येतातच, मग भाचीने अमेरिकेत अजून तीन वर्षं अ‍ॅडोलेसंट मेडिसिनची (किशोरवयीन मुलांच्या आरोग्याची) फेलोशिप कशाला करायची" असं वर विचारलंय म्हणून लिहितेय. रेसिडेन्सीत, म्हणजे पेडियाट्रिक्सच्या प्रशिक्षणात, अ‍ॅडोलेसंट मेडिसिन जेमतेम महिनाभर असतं, त्यात काय हाताला लागणार? त्यानंतरच्या खास प्रशिक्षणात, म्हणजे फेलोशिपमध्ये, ईटिंग डिसऑर्डर (खाण्याचे विकार), पाळीच्या तक्रारी, गर्भनिरोधन, व्यसनं, डिप्रेशन हे सगळं शिकवतात, आणि मुख्य म्हणजे आईवडलांना थोडा वेळ बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलायचं कसं आणि त्यातलं काय गुप्त ठेवायचं, हे नुसतं वाचून येत नाही हो. रिसर्चही असतो. पेडियाट्रिक्सऐवजी इंटर्नल (मोठ्यांचं) किंवा फॅमिली मेडिसिन केलेल्यांना हीच फेलोशिप दोन वर्षं. बोस्टनला डॉ. गॅलाघरांनी १९५१ मध्ये किशोरवयीनांसाठी खास युनिट काढलं, या शाखेची बोर्डाची (तज्ज्ञ म्हणून मान्यतेची) परीक्षा मात्र १९९४ पासून! भाचीला खुशाल जाऊ द्या.