‘इंटेलिजंट पास’ला मराठीत काय म्हणाल?

धागाकर्ती

तेरा वर्षांखालच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवणाऱ्यांसाठी एक पुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. ऑफसाइड, थ्रो-इन, कॉर्नर जसेच्या तसे ठेवलेत, त्यावर वाद नाही. गाडी अडलीय ‘ऑब्व्हिअस पास’ आणि ‘इंटेलिजंट पास’ या जोडीपाशी. पहिल्या खर्ड्यात ‘स्पष्ट पास’ आणि ‘बुद्धिमान पास’ लिहून मोकळी झाले आणि दुसऱ्या दिवशी वाचताना माझं मलाच हसू आलं. स्पष्ट पास म्हणजे काय, खणखणीत आवाजात दिलेला? ‘हुशार पास’ करून पाहिलं, तर तो वर्गात पहिला नंबर काढून आल्यासारखा वाटतो. मदत करा. शब्द नुसता बरोबर असून भागणार नाही, कोचला तो मैदानाच्या कडेने ओरडता आला पाहिजे.

व्याकरणवाली

तुम्हाला हसू आलं त्याला कारण आहे. बुद्धिमान, हुशार, चाणाक्ष ही विशेषणं मराठीत माणसाला लागतात, फार तर कुत्र्याला. कृतीला लावायची वेळ आली की आपण नाम घेऊन त्याला ‘चा-ची-चे’ जोडतो: शहाणपणाचा निर्णय, चतुराईचं उत्तर, अकलेचं काम. नाहीतर सरळ क्रियापदाकडे जातो: डोकं लावून केलेलं, विचार करून दिलेलं. म्हणून ‘चतुराईचा पास’ चालेल, ‘डोकं लावून दिलेला पास’ त्याहून बरा.

‘ऑब्व्हिअस’साठी मात्र शोधाशोध कशाला? ‘सरधोपट’ आहे की. सरधोपट म्हणजे फारसा विचार न करता, रुळलेल्या वाटेनं जाणारं. ‘उघड’ घेऊ नका, त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘गुप्त’ होतो आणि पास काही गुपित नसतो.

जुना गोलकीपर

सरधोपट झकास. ‘साधा’ मात्र कुणी सुचवायच्या आत सांगतो, तो नको. मैदानावर ‘साधं खेळ’ हा सल्ला असतो. उद्या तुमच्या पुस्तिकेत साधा पास म्हणजे कमअस्सल पास असं छापलंत, तर पोरं दहा मीटरवरच्या सोबत्याला बॉल द्यायची सोडून टाचेनं मारत बसतील.

आता दुसऱ्या शब्दाकडे. मी अकरा वर्षं गोलमध्ये उभा होतो. गोलकीपरला अख्खं मैदान समोर दिसतं, त्यामुळे पासची खरी कळ मला बचाव करणाऱ्यांच्या पायांकडे बघून कळायची. सरधोपट पास म्हणजे जो आधीच मोकळा आहे त्याला दिलेला. त्याने माझे बचावपटू हलत नाहीत, नुसते सरकतात. दुसऱ्या प्रकारचा पास कुणाला तरी मोकळं करतो. बॉल पायातून सुटायच्या आधीच माझ्या एका माणसाचं पाऊल चुकीच्या बाजूला पडलेलं असतं, आणि ते मला दिसतं पण ओरडायला वेळ उरत नाही.

2006 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आठवा. डॉर्टमुंड, 4 जुलै, यजमान जर्मनी विरुद्ध इटली, जादा वेळही संपत आलेली, 119 वं मिनिट आणि स्कोअर 0-0. कॉर्नर अर्धवट परतवला गेला आणि बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर इटलीच्या पिर्लोकडे आला. तिथून शॉट मारणं हा सरधोपट मार्ग. पिर्लोने मारला नाही. तो बॉल घेऊन एरियाच्या कडेकडेनं उजवीकडे सरकत राहिला. तो शॉट मारणार म्हणून जर्मन बचावपटू अडवायला एकेक पाऊल पुढे आले, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. मग त्याने दुसरीकडे बघत एक हलका पास आत सारला आणि ग्रोसो एरियात एकटा. ग्रोसोने पहिल्याच टचला डाव्या पायाने दूरच्या कोपऱ्यात वळवला. जर्मन गोलकीपर लेमनने झेप घेतली, पोचला नाही. ग्रोसो आधीपासून मोकळा नव्हता हो! पिर्लोच्या त्या पाच-सहा पावलांनी त्याला मोकळा केला.

म्हणून माझी जोडी: ‘मोकळ्याला दिलेला पास’ आणि ‘मोकळं करणारा पास’.

वाद घालायला आलेला

गोलकीपरसाहेब, व्याख्या देखणी आहे, पण एक पास तिच्यात बसत नाही, आणि तो गाळून चालणार नाही.

21 जून 1970, मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, वर्ल्ड कप फायनलचं 86 वं मिनिट, ब्राझील 3, इटली 1. क्लोदोआल्दो आपल्याच अर्ध्यात चार इटालियनांना चकवतो, रिवेलिनो डावीकडे लांब पास देतो, जैरझिन्हो आत वळून पेलेला देतो. पेले एरियाच्या तोंडाशी. तो थांबतो, आणि उजवीकडे नुसता सरकवतो बॉल, जेवणाच्या पंगतीत शेजाऱ्याकडे मिठाची वाटी सरकवावी तसा. मागून धावत आलेला कार्लोस आल्बेर्तो एकही पाऊल न बदलता मारतो. 4-1.

आता बघा. कार्लोस आल्बेर्तोला पेलेने मोकळं केलं नाही. ते काम जैरझिन्होचं. तो उजव्या बाजूचा असूनही डावीकडे गेला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी असलेला फाकेत्ती त्याच्या मागोमाग गेला. इटलीची ती बाजू ओसाड पडली. म्हणजे तुमच्या व्याख्येनं पेलेचा पास ‘मोकळ्याला दिलेला’, पर्यायाने सरधोपट. मान्य आहे?

जुना गोलकीपर

नाही. पण लगेच उत्तर सुचत नाहीये. जेवून येतो.

कोल्हापूरकर

गोलकीपर जेवायला गेलेत तोवर मी सांगतो. बाजू मोकळी होती, माणूस तिथं पोचला नव्हता. पेलेनं बॉल आल्या आल्या सरकवला असता तर तो रिकाम्या गवतावर गेला असता. त्यानं जे केलं ते थांबणं. त्या पासातलं सगळं डोकं पास द्यायच्या आधीच्या थांबण्यात आहे, लाथ तर कुणीही मारंल.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅच असतात. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघा एकदा, गॅलरीतली निम्मी माणसं कोच असतात. पण पासाला विशेषण लावलेलं मी तिथं क्वचित ऐकलं. आज्ञा ऐकू येतात: ‘सोड!’, ‘दे!’, ‘थांब, थांब… आता!’ ह्या ‘आता’त सगळं आलं. बाई, तुम्हाला ओरडता येणारा शब्द पाहिजे होता न्हवं?

भाषांची हौस असलेला

कोल्हापूरकर ज्याला थांबणं म्हणतायत त्याला स्पॅनिश फुटबॉलमध्ये स्वतंत्र नावच आहे, ‘पौसा’. बॉल पायाशी ठेवून बाकीच्यांची हालचाल पुरी होईपर्यंत दम धरणं. अर्जेंटिनात रिकेल्मेचं नाव घेतलं की हा शब्द येतोच. तो पळायचा कमी, आणि त्याच्यामुळे आजूबाजूचेच पळत राहायचे.

आणखी एक गंमत. बचावाच्या फटीतून जाणाऱ्या पासला इटालियनमध्ये ‘फिल्त्रान्ते’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेच्या स्पॅनिशमध्ये ‘पासे फिल्त्रादो’. गाळण्याशी, पाझरण्याशी नातं सांगणारा शब्द. आपल्याकडे ‘झिरपणे’ आहे. भिंत शाबूत दिसते आणि ओल मात्र पलीकडे आलेली असते. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सविरुद्ध मेस्सीने मोलिनाला दिलेला पास असाच डच बचावपटू अकेच्या पायांजवळून झिरपला होता, मेस्सीची धाव आणि नजर भलतीकडेच. ‘झिरपता पास’ घ्या, नवा आहे पण कळतो.

व्याकरणवाली

झिरपायला वेळ लागतो. मेस्सीचा पास चिरेएवढ्या जागेतून गेला हे खरं, पण सावकाश नाही. पावसाळ्यात घराची भिंत झिरपलेली ज्याने पाहिलीय त्याला हा शब्द कौतुकाचा वाटणार नाही. शिवाय तो एकाच जातीच्या पासला लागतो. पेलेचा कुठून झिरपला? समोर अडवायला कुणी नव्हतंच.

मी ‘हेरून दिलेला पास’ सुचवते. हेरणे यात नुसतं बघणं नाही. हेर जसा आपण बघतोय हे दुसऱ्याला कळू देत नाही, तसं ते गुपचूप टिपणं आहे. पिर्लोने ग्रोसोला हेरलं, पेलेने कार्लोस आल्बेर्तोची धाव हेरली, मेस्सीने मोलिनाची. संधी हेरतात, सावज हेरतात, वेळही हेरतात. जागा, माणूस, क्षण, तिन्ही एका क्रियापदात येतात. जुन्या गोलकीपरांचं ‘मोकळं करणारा’ आणि कोल्हापूरकरांचं ‘थांबणं’ दोन्ही त्याच्या पोटात मावतात.

जुना गोलकीपर

आलो. कोल्हापूरकरांना शंभर टक्के मार्क, माझी व्याख्या अर्धी होती. ‘हेरून दिलेला’ मला पटतो.

फक्त यात घेणाऱ्याची बाजू राहतेय. चांगला पास घेणाऱ्याला काहीतरी सांगतो. पुढच्या, म्हणजे समोरच्या गोलकडच्या, पायावर दिला तर ‘वळ आणि पळ’. मागच्या पायावर, थोडा सावकाश दिला तर ‘पाठीवर माणूस आहे, मला परत दे’. पायावर न देता पुढ्यात टाकला तर ‘धाव’. तोंडानं बोलायचं काम नाही. मराठीत याला ‘सूचक’ म्हणता येईल, पण सूचक म्हटलं की लगेच सूचक मौन आणि सूचक हसू आठवतं, म्हणून शीर्षकात नको. आतल्या मजकुरात कुठेतरी घ्या.

चिखलात शिकवणारा

मी याच वयोगटाला शिकवतो, म्हणून एक ताजी केस. जुलैतला सराव, रात्रभर पाऊस, मैदानाच्या उजव्या बाजूला चिखल. बारा वर्षांची एक मुलगी मधोमध बॉल घेऊन उभी. डावीकडे पाच मीटरवर एकजण अगदी मोकळा, ‘मला, मला’ म्हणून हात वर. तिने त्याच्याकडे मान वळवली, खांदाही वळवला. समोरची बचाव करणारी मुलगी दोन पावलं तिकडे गेली. आणि हिने बुटाच्या बाहेरच्या बाजूने उजवीकडे फटीतून बॉल सोडला, तिथून एक मुलगा गोलकडे निघाला होता. मी शिट्टी तोंडात धरूनच ‘वा!’ म्हणालो.

बॉल चिखलात गेला आणि थांबला. जसा पेढा ताटात ठेवावा तसा. मुलगा पोचेस्तोवर दुसऱ्या टीमचा आला आणि घेऊन गेला.

हा पास ‘हेरून दिलेला’ आहे का नाही? माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, नाही, कारण चिखल हेरला नव्हता. जोर किती लावायचा हेही डोक्याचंच काम आहे, आणि सकाळपासून त्याच मैदानावर खेळतोय तर कुठे बॉल अडकतो हे तिला ठाऊक पाहिजे. मला ते कडक वाटतं. बाराव्या वर्षी तिने बचाव करणारीला खांद्याने फसवलं, हे मला पुरेसं आहे.

वाद घालायला आलेला

सहकाऱ्यांशी सहमत. पेलेच्या त्या पासचीही किंमत जोरातच आहे. थोडा जास्त असता तर बाहेर, थोडा कमी असता तर कार्लोस आल्बेर्तोला पावलं तोडावी लागली असती. आणि तिथे तर शॉट मारायच्या क्षणी बॉल जरासा उसळलासुद्धा, तो भाग नशिबाचा. खेळाडूला मैदान धरूनच चालावं लागतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘सरधोपट पास’ आणि ‘हेरून दिलेला पास’ नक्की करते. ‘पुढ्यात’, ‘पायावर’, ‘मागच्या पायावर’ हे जसेच्या तसे उचलतेय, चित्रं काढणाऱ्याला आजच कळवते. कोल्हापूरकर, ‘थांब, थांब… आता!’ एका पानावर मोठ्या अक्षरात टाकणार आहे. ‘पौसा’ वाचून कोच घाबरतील, तो राहू दे.

चिखलवाल्या सरांना एकच विचारायचंय. त्या मुलीला तुम्ही नंतर काय सांगितलंत?

चिखलात शिकवणारा

म्हणालो, पास छान होता, पण तिकडे चिखल आहे हे बघायचं. ती म्हणाली, ‘सर, चिखल बघितला होता. म्हणूनच हळू दिला, तिथे थांबावा म्हणून. तो धावलाच नाही.’