टेक्सास फुटणार म्हणजे नक्की काय होणार?

"टेक्सास आता अमेरिकेतून फुटणारच" असं काही जण म्हणतात, ते मला घाईचं वाटतं. जानेवारी २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी केंद्र सरकारला, टेक्सासने स्थलांतरितांना रोखायला मेक्सिकोच्या सीमेवर लावलेली काटेरी तार कापायची मुभा दिली, तरी टेक्सासचे गव्हर्नर ॲबट नवी तार लावतच राहिले. ताणलं गेलं खरं! पण १८६९च्या 'टेक्सास विरुद्ध व्हाइट' खटल्यात एकतर्फी फारकत बेकायदा ठरलेली आहे.

खरी मेख नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे प्रत्येक राज्याच्या राखीव सैन्यदलात आहे. एरवी ते गव्हर्नरचं ऐकतात, पण राष्ट्राध्यक्ष त्यांना आपल्या हुकमाखाली घेऊ शकतात. १९५७मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी आर्कान्सा राज्यात तेच केलं, वर १०१वी एअरबोर्न ही लष्कराची तुकडी धाडली. तिथल्या लिटल रॉक शहरातल्या, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलं त्या पहाऱ्यात गेली. २०२४मध्ये राष्ट्राध्यक्ष असलेल्या बायडेननी टेक्सासमध्ये हा पत्ता टाकलाच नाही.