मदत हवी आहे: आठ प्रकारचे मदरबोर्ड, सव्वीस संगणक आणि बायोसच्या आवृत्त्यांची नोंद

नमस्कार मंडळी,

सांगलीतील एका कार्यालयात मी इमारतींच्या संरचनेचे आराखडे करण्याचे काम करतो. मी शिक्षणाने स्थापत्य अभियंता आहे, पण ‘तुला त्यातले कळते’ एवढ्या एका वाक्यावर कार्यालयातील संगणकांची देखभाल गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. एकूण ३० संगणक आहेत. त्यांपैकी चार लॅपटॉप असून त्यांचे फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) विंडोज अपडेटमधूनच येते, त्यामुळे त्यांची काळजी नाही. उरलेले २६ संगणक गरज पडेल तसे एका स्थानिक विक्रेत्याकडून जोडून घेतलेले आहेत, आणि त्यांत आसुस, गिगाबाइट, एमएसआय व एएसरॉक या चार उत्पादकांचे मिळून आठ निरनिराळे मदरबोर्ड आहेत. या बोर्डांच्या बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच असलेल्या फर्मवेअरची) नवी आवृत्ती केव्हा आली, कशासाठी आली आणि आमच्या कोणत्या संगणकांवर ती घालायची राहिली आहे, याचा माग कसा ठेवावा, हा माझा प्रश्न आहे.

संगणक सुरळीत चालू असेल तर बायोसला हात लावू नये, हे मी विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आणि बरीच वर्षे पाळलेही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण वाचल्यावर मात्र ते मत बदलले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याने काही संगणक अस्थिर होत होते, आणि त्यावरचा इलाज म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ व सप्टेंबर २०२४ मध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे सुधारित संच) आले. ते वापरकर्त्यापर्यंत पोहोचणार होते मदरबोर्डाच्या नव्या बायोसमधून, आणि प्रोसेसरला एकदा झालेली इजा त्याने भरून निघणार नव्हती. म्हणजे येथे वेळेला महत्त्व होते. आमच्याकडे त्या पिढीचे चार संगणक आहेत आणि मला ही गोष्ट कळली डिसेंबरमध्ये, तीही दुसऱ्याच विषयावर वाचत असताना. चारही संगणक ठणठणीत निघाले, पण त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

दुसरे कारण सिक्युअर बूटचे, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणाऱ्या सोयीचे. मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने मुदतबाह्य होणारी आहेत. त्यांच्या जागी २०२३ सालची प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून येणार असली, तरी काही बोर्डांवर त्याआधी बायोस अद्ययावत करावे लागते. मुदत संपली म्हणून संगणक सुरू व्हायचा थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु बूट प्रक्रियेच्या सुरक्षेचे पुढचे बदल त्याला मिळणार नाहीत, आणि ग्राहकांचे आराखडे ज्यावर ठेवले आहेत असा संगणक त्या अवस्थेत राहावा, असे मला वाटत नाही.

आतापर्यंत मी केले ते असे. एक्सेलमध्ये एक तक्ता तयार केला आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आठही बोर्डांची सपोर्ट पाने उघडून नवी आवृत्ती दिसली की तक्त्यात लिहू लागलो. तीन महिने हे व्यवस्थित चालले. चौथ्या महिन्यात एका प्रकल्पाची घाई आली आणि सवय मोडली ती मोडलीच. शिवाय ताळा जुळवणेही वाटते तितके सरळ नाही. एमएसआयच्या पानावर ‘७डी७५व्ही१७’ असे लिहिलेले असते आणि तीच आवृत्ती विंडोजमध्ये ‘१.७०’ अशी दिसते; एएसरॉकच्या पानावरील ‘३.४०’ संगणकावर ‘पी३.४०’ होते, गिगाबाइटचा ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक आणि आसुसचे चार आकडे तेवढे जसेच्या तसे जुळतात. तारखांवर विसंबावे, तर बायोसमध्ये नोंदलेली तारीख ते तयार झाल्याची असते आणि पानावरची तारीख ते प्रसिद्ध झाल्याची, त्यामुळे दोहोंत कधी काही दिवसांचे तर कधी काही आठवड्यांचे अंतर पडते.

आमच्या व्यवसायात नकाशाच्या कोपऱ्यातील चौकटीत प्रत्येक फेरबदलाचा क्रमांक, तारीख आणि नेमके काय बदलले हे लिहावेच लागते. ‘नकाशा सुधारला’ एवढेच लिहून मी साइटवर पाठवला, तर कंत्राटदार तो परत करील. बायोसच्या नोंदींत मात्र ‘सिस्टिम अधिक स्थिर केली’ या पलीकडे पुष्कळदा काहीच नसते. त्यावरून अपडेट तातडीचे की बिनमहत्त्वाचे, हे ठरवायचे कसे?

एक चूकही सांगून टाकतो. गेल्या वर्षी लेखा विभागातील संगणकाचे बायोस बदलताना मी बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) तात्पुरते थांबवायला विसरलो. संगणक सुरू होताच त्याने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली, आणि ती साठवलेली होती नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या खात्यात. त्यांनी भलेपणाने ४८ अंक फोनवर वाचून दाखवले, पण अर्धा दिवस गेला, आणि तो दिवस पगारपत्रक करण्याचा होता.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी की, नवी आवृत्ती आल्याचे आपोआप कळेल अशी एखादी सोय, कोणते अपडेट घ्यावे हे ठरवण्याची रीत, आणि अशा लहान कार्यालयाला झेपेल अशी नोंदीची पद्धत सुचवावी. आमच्याकडे स्वतंत्र सर्व्हर नाही. फायली ठेवण्यासाठी एक नॅस (नेटवर्कला जोडलेले साठवणीचे यंत्र) आहे, त्यावर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय) चालते.

प्रतिसाद: जुनाटकळफलक

आपला तक्ता संगणकांचा आहे. तो आधी दोन तक्त्यांत तोडावा. एका तक्त्यात २६ ओळी, प्रत्येक संगणकावर आज कोणती आवृत्ती आहे हे सांगणाऱ्या. दुसऱ्यात आठच ओळी, प्रत्येक बोर्डासाठी पानावर सध्या काय आहे हे सांगणाऱ्या. पहिला तक्ता हाताने भरूच नये. पॉवरशेल या विंडोजमधील आज्ञा देण्याच्या साधनातील गेट-सिमइन्स्टन्स ही आज्ञा विन३२_बायोस आणि विन३२_बेसबोर्ड या दोन वर्गांवर चालवली की उत्पादक, मॉडेल आणि आवृत्ती मिळते. हे लॉगऑनच्या वेळी चालवून नॅसवरील सीएसव्ही फायलीत लिहून घेता येईल. नॅसवर जीएलपीआय हे संगणकांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले, तर त्याचा एजंटही हीच माहिती गोळा करतो, परंतु २६ संगणकांसाठी मला ते जड वाटते.

एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. बोर्डाची रिव्हिजन (एकाच मॉडेलची फेरबदल केलेली आवृत्ती) सॉफ्टवेअरमधून विश्वासाने कळत नाही. त्या रकान्यात ‘एक्स.एक्स’ किंवा ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असे निरर्थक काहीतरी येते. गिगाबाइटच्या एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनांचे बायोस वेगळे असू शकते, म्हणून पुढच्या वेळी धूळ काढण्यासाठी कॅबिनेट उघडाल तेव्हा बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेली रिव्हिजन वाचून एकदाच लिहून ठेवावी. तुमचे आठ बोर्ड प्रत्यक्षात नऊ किंवा दहा निघाले, तर मला नवल वाटणार नाही.

पानांवर लक्ष ठेवण्यासाठी चेंजडिटेक्शन.आयओ हे मुक्त स्रोत साधन डॉकरमध्ये चालते. सपोर्ट पानावरील बायोसची यादी पुष्कळदा पान उघडल्यानंतर जावास्क्रिप्टने भरली जाते, त्यामुळे साध्या पद्धतीने आणलेल्या पानात ती दिसतच नाही; त्यासाठी या साधनाला ब्राउझर जोडून द्यावा लागतो. तपासणी संपूर्ण पानाची न करता फक्त यादीच्या भागाची करावी, नाहीतर जाहिरातीचे चित्र बदलले तरी ईमेल येईल आणि दोन आठवड्यांत आपण ते ईमेल न वाचताच पुसू लागाल. दिवसातून एकदा पाहणे भरपूर झाले. लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर अद्ययावत करणाऱ्या साधनाने ही अडचण बरीच सोडवली आहे, पण ते मुख्यतः लॅपटॉप व ब्रँडेड संगणकांसाठी. सुट्या विकल्या जाणाऱ्या बोर्डांना त्याचा फारसा उपयोग होत नाही.

प्रतिसाद: यूपीएसवाला

अपडेट घ्यावे की नाही, हे बोर्डाच्या पानावरून ठरवू नये, असे माझे मत आहे. माहिती खरी असते ती प्रोसेसर उत्पादकाकडे. इंटेल आणि एएमडी दोघेही सुरक्षाविषयक पत्रके काढतात, आणि त्यांतली बरीचशी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. एएमडीच्या पत्रकात अजेसाच्या (बायोसमधील, एएमडीने पुरवलेल्या मूळ भागाच्या) कोणत्या आवृत्तीत दोष दूर झाला, हे दिलेले असते. बोर्ड उत्पादक बाकी काही लिहो वा न लिहो, अजेसाचा क्रमांक बहुधा लिहितो, आणि इंटेलच्या बाबतीत महत्त्वाच्या मायक्रोकोडचा. तुमच्या दुसऱ्या तक्त्यात तो क्रमांक ठेवायला एक रकाना वाढवा. मग ‘सिस्टिम अधिक स्थिर केली’ या वाक्याचा अर्थ लावत बसावे लागणार नाही. प्रत्यक्ष कोणता मायक्रोकोड चालू आहे, हे एचडब्ल्यूइन्फो या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसते.

सुरक्षेचा दोष, प्रोसेसरला इजा करणारा दोष किंवा आपल्याला स्वतःला भेडसावणारी अडचण, यांपैकी काही असेल तर अपडेट घ्यावे. केवळ नव्या प्रोसेसरला किंवा रॅमला आधार दिला असेल, तर सोडून द्यावे. बीटा आवृत्ती कार्यालयातील संगणकावर घालू नये. काही आवृत्त्यांनंतर मागे जाता येत नाही, हेही नोंदीत वाचून घ्यावे.

उत्पादकांचे विंडोजमधले अपडेटर मी वापरत नाही. २०१९ मध्ये आसुसच्या लाइव्ह अपडेटमधूनच घातक सॉफ्टवेअर पसरवल्याचे कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने उघड केले होते, आणि २०२३ मध्ये गिगाबाइटच्या अनेक बोर्डांच्या फर्मवेअरमधील आपोआप डाउनलोड करणारा भाग असुरक्षित असल्याचे इक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीने दाखवले होते. फाइल सपोर्ट पानावरून उतरवावी, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि बायोसमधील सोयीनेच चढवावी. त्याआधी बिटलॉकर थांबवणे, रिकव्हरी की कागदावर असणे आणि बायोसच्या सेटिंगची मोबाइलने छायाचित्रे काढणे, या गोष्टी कराव्यात. एक्सएमपी (रॅमच्या वेगाची सेटिंग), व्हर्च्युअलायझेशन आणि पंख्यांचा वेग अपडेटनंतर मूळपदावर जातात. पावसाळ्यात यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. माझे टोपणनाव उगाच पडलेले नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत सांगितल्याप्रमाणे बरेचसे केले. स्क्रिप्टने २६ पैकी २४ संगणकांची माहिती आणली. उरलेले दोन संगणक कोणी सुरूच करत नाही, असे त्यातून उघड झाले, हा वेगळाच लाभ. रिव्हिजनचा अंदाज अचूक ठरला: एकाच नावाच्या पाच बोर्डांपैकी दोन वेगळ्या रिव्हिजनचे निघाले, त्यामुळे आता नऊ पानांवर लक्ष आहे. प्रत्येक संगणकाची रिकव्हरी की छापून पाकिटात घातली आणि पाकिटे लेखा विभागाच्या कपाटात ठेवली.

एका बोर्डाच्या बाबतीत मात्र अडलो आहे. तीन संगणकांवर असलेली आवृत्ती आता पानावरच नाही. तिच्या आधीची आहे, पण ही यादीतून निघालेली दिसते, आणि का काढली याचा खुलासा कोठेही नाही. संगणक नीट चालतात. मागच्या आवृत्तीवर जावे, की पुढची येईपर्यंत थांबावे?

प्रतिसाद: यूपीएसवाला

मागे घेतलेल्या आणि आधीच्या आवृत्तीतील अजेसाचा किंवा मायक्रोकोडचा क्रमांक सारखाच असेल आणि मागे जाण्याची मुभा असेल, तर एका संगणकावर मागे जाऊन आठवडाभर पाहावे. मागे गेल्याने सुरक्षेची दुरुस्ती गमवावी लागणार असेल, तर जेथे आहात तेथेच थांबावे, त्या तीन ओळींना तक्त्यात वेगळा रंग द्यावा आणि त्या पानाची तपासणी दिवसातून दोनदा करावी. उत्पादकाला बोर्डाचे नाव, रिव्हिजन आणि आवृत्ती लिहून कारणही विचारावे. आणि आपल्याकडील त्या आवृत्तीची मूळ फाइल पेनड्राइव्हवरून पुसली नसेल, तर ती आजच नॅसवर ठेवावी.