मदत हवी आहे: सोसायटीच्या नामफलकावर हुद्दे लिहावेत का?

मंडळी, आमच्या सोसायटीचा नामफलक नवा करायचाय. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कर्नलसाहेबांनी 'श्री.' वर लाल काट मारून मसुदा परत पाठवला. आता डॉक्टर, प्राध्यापक, वकील सगळेच अडून बसलेत. राज्यघटनेच्या कलम 18 नुसार सरकारला किताब देता येत नाहीत, पण लष्करी आणि शैक्षणिक बिरुदं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे कर्नलांचं म्हणणं मला रास्त वाटतं, उमेदीची वर्षं सैन्यात घातलीत त्यांनी. पण 'निवृत्त' हा शब्द हुद्द्यापुढे लिहायचा की नावानंतर कंसात? आणि जन्मभर परिचारिका म्हणून राबलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी नुसत्या 'श्रीमती' का? तुमच्याकडे काय केलंत? पेंटर रविवारी येतोय, जरा लवकर सांगा.