बायोसेन्सरमध्ये पीएचडी: आधी काय शिकावं, लॅब कशी पारखावी?

प्रश्न:
रसायनशास्त्रात एमएस्सी झालंय. इलेक्ट्रोकेमिकल बायोसेन्सरवर (रक्तासारख्या नमुन्यातला रेणू विद्युत सिग्नलने ओळखणारं उपकरण) पीएचडी करायची आहे. जाहिरातींत ‘आंतरशाखीय अनुभव’ मागतात, म्हणजे नक्की काय यायला हवं? आणि एखाद्या लॅबचं काम खरंच चांगलं आहे की नाही, हे पेपरवरून कसं ओळखायचं?

प्रतिसाद १:
दोन गोष्टींवर हात बसवा. पहिली, सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज पुढे-मागे फिरवत विद्युतप्रवाह मोजणं. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५ मिलिमोलर फेरी-फेरोसायनाइड घ्या आणि स्कॅन रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग) १० ते २०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद बदलत न्या. प्रवाहाच्या आलेखातल्या दोन शिखरांतलं आदर्श अंतर ५९ मिलिव्होल्ट. स्क्रीन-प्रिंटेड (छापून बनवलेल्या) कार्बन इलेक्ट्रोडवर ते १००च्या वर सहज जातं, घाबरू नका. पण स्वच्छ केलेल्या सोन्यावरही तेवढंच आलं तर पृष्ठभाग मळलेला आहे किंवा रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) लांब पडलाय.

दुसरी, ईडीसी-एनएचएस जोडणी, म्हणजे या दोन रसायनांनी अँटिबॉडी इलेक्ट्रोडवर पक्की बांधणं. एमईएस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ५ ते ६. ईडीसी ऐनवेळी विरघळवायचं, पाण्यात ते टिकत नाही. धुताना ट्रिस बफर वापरलं की संपलं: त्यातलाच अमाइन जागा अडवतो आणि अँटिबॉडी बाहेर राहते. मुलाखतीत असले प्रश्न निघतात, ग्राफीनचे नाही.

प्रतिसाद २:
पेपरमध्ये डिटेक्शन लिमिट (ओळखता येणारं किमान प्रमाण) सगळ्यात शेवटी बघा. आधी ‘एन = ३’ म्हणजे काय ते शोधा: तीन वेगळी बनवलेली इलेक्ट्रोड, की एकाच इलेक्ट्रोडवर तीन मोजमापं? दुसरा प्रकार फार बोकाळलाय. मग चाचणी बफरमध्ये केली की सीरममध्ये, आणि सीरम किती पातळ करून, ते पाहा. पातळ न केलेल्या सीरममधली प्रथिनं इलेक्ट्रोडवर बसतात आणि सिग्नल झाकतात. पातळ करणं गुन्हा नाही, लपवणं आहे.

ट्रान्झिस्टरवर आधारित सेन्सर असेल तर डिबाय लांबी (द्रावणात विद्युतभाराचा प्रभाव जितका लांब पोहोचतो ते अंतर) विचारा. नेहमीच्या पीबीएसमध्ये (खारट फॉस्फेट बफर) ती जेमतेम ०.७ नॅनोमीटर असते आणि अँटिबॉडी साधारण १० नॅनोमीटर. म्हणजे अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला पकडते तो रेणू) चिकटतो तिथला विद्युतभार सेन्सरला दिसतच नाही. यावर त्यांनी काय केलंय, तेच खरं काम.

प्रश्नकर्ता:
परदेशात फंडिंगसह जागा कुठे बघाव्यात?

प्रतिसाद ३:
युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या युरॅक्सेस पोर्टलवर युरोपियन युनियनच्या निधीतल्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जागा येतात. अट नीट वाचा: रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य, काम किंवा शिक्षण झालेलं नसावं.

होकार देण्याआधी तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारा. एकच पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) किती जण मिळून वापरतात? रुग्णांच्या नमुन्यांना एथिक्स कमिटीची परवानगी मिळालीय, की ‘मिळेल’? ‘मिळेल’ असेल तर पहिलं वर्ष बफरमध्येच जाईल असं धरून चाला.

उद्योगात जायचं मनात असेल तर वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता-व्यवस्थेचं मानक आयएसओ १३४८५ आणि ग्लुकोमीटरसाठीचं आयएसओ १५१९७ आत्ताच चाळा. दुसऱ्यात १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर ९५ टक्के निकाल संदर्भ मूल्याच्या ±१५ टक्क्यांत असावे लागतात. बहुतेक प्रबंधांतले सेन्सर तिथेच गळतात.